तीन खाड्यांपुरता समुद्रघोडा : स्वार्टफ्लेई, नाइज्ना, क्यूरबूम्स

दक्षिण आफ्रिकेला जाणारी आपली मंडळी क्रूगरचे सिंह बघतात, केपटाऊनचा टेबल माउंटन बघतात आणि मधला गार्डन रूटचा किनारा गाडीच्या खिडकीतून बघत पुढे निघून जातात. ताई आणि मी फेब्रुवारीत गेलो ते मुद्दाम या किनाऱ्यासाठीच, आणि त्यातही तीन खाड्यांसाठी. जॉर्ज शहराच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात स्वार्टफ्लेई, नाइज्ना आणि क्यूरबूम्स अशा तीन खाड्या आहेत. नाइज्नाचा समुद्रघोडा जगात फक्त या तीन ठिकाणी राहतो. शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस केपेन्सिस. 1900 साली त्याची नोंद झाली आणि आज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून आहे.

समुद्रघोडा हा मासाच. त्याला कल्ले असतात, पर असतात. पण पोहण्यात तो फार कच्चा. पाठीवरचा एक छोटा पर भराभर हलवत उभ्याने सरकतो आणि शेपटीने काहीतरी धरून बसतो. धरायला काही नसेल तर प्रवाह नेईल तिकडे वाहत जायचं. समुद्रघोड्यांच्या इतर जाती सागरकिनाऱ्यालगत दूरवर पसरलेल्या सापडतात, हा मात्र खाडी सोडून राहत नाही. ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. या माशावरचं वाचन ती कितीतरी वर्षं करत होती, त्यामुळे कुठे जायचं हे तिनेच ठरवलं. गाडी चालवणं माझ्याकडे.

पहिला दिवस : जॉर्ज ते सेजफील्ड

जॉर्जच्या विमानतळावरून गाडी घेतली. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, त्यामुळे त्रास काही नाही. काइमन्सचा घाट उतरला की उजव्या हाताला एकदम समुद्र येतो. पाऊस भुरभुरत होता. या किनाऱ्यावर पाऊस वर्षभर पडतो, त्यामुळे 'उन्हाळा आहे' म्हणून रेनकोट घरी ठेवू नका.

सेजफील्ड हे छोटं गाव स्वार्टफ्लेईच्या काठावर आहे. आत मोठं सरोवर, तिथून समुद्राकडे जाणारी वळणावळणाची खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध. हे तोंड कधी उघडं असतं, कधी बंद. लाटा वाळू आणून टाकतात, नदीचं पाणी कमी पडलं की तोंड बुजतं; मग आत पाणी साचत जातं, चढत जातं. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला हिंदी महासागराच्या लाटा आपटताहेत आणि दुसऱ्या बाजूला, पन्नास पावलांवर, चहाच्या रंगाचं शांत पाणी. दोन्ही पाण्यांत हात घालून बघितले. समुद्राचं पाणी हाताला झोंबेल इतकं गार होतं. उन्हाळ्यात पूर्वेचे वारे सुटले की वरचं कोमट पाणी बाहेर ढकललं जातं आणि खोलातलं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. खाडीचं पाणी मात्र अंघोळीला घ्यावं तितकं उबदार.

आमच्या गेस्टहाऊसच्या मालकीणबाई सत्तरीच्या. घर खाडीपासून एका गल्लीवर. रात्री त्यांनी बोबोटी वाढली. खिम्याचा हा गोडसर-मसालेदार प्रकार केप मलाय लोकांचा, वर अंड्याचा थर देऊन भाजलेला. जेवताना ताईने विचारलं, "तोंड उघडतं तेव्हा कसं दिसतं?" बाई हातातला चमचा खाली ठेवून सांगायला लागल्या. पाणी चढत चढत त्यांच्या बागेच्या कुंपणापर्यंत येतं. सखल भागातल्या लोकांची चलबिचल सुरू होते. मग राष्ट्रीय उद्यानाचे लोक पाण्याची पातळी बघून वाळूत चर खणतात. "सुरुवातीला पाटाएवढं पाणी जातं. तासाभरात त्याची नदी होते, दोन्ही बाजूंची वाळू धडाधड कोसळते. सगळं गाव बघायला जमतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठाल तर खाडीच्या कडेला नुसता चिखल."

समुद्रघोड्याची गोष्ट त्या चिखलात आहे. तोंड बंद असतं तेव्हा पाणी कडेच्या उथळ भागात शिरतं, तिथलं गवत बुडतं आणि हे मासे हळूहळू त्या नव्या गवतात पसरतात. बांध फुटला की काही तासांत पाणी उतरतं. बोई किंवा इतर चपळ मासे मागे हटतात. समुद्रघोडा शेपटीने काडी घट्ट धरून बसतो, कारण प्रवाह वाढला की धरून बसायचं एवढंच त्याला ठाऊक. पाणी निघून जातं आणि तो काडीलाच लटकलेला उरतो, नाहीतर वीतभर पाण्याच्या डबक्यात उन्हाने शिजतो. 1991 साली स्वार्टफ्लेईत असंच झालं, हजारोंच्या संख्येने समुद्रघोडे मेले.

खारेपणातला बदल मात्र तो आश्चर्य वाटावं इतका सोसतो. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून कितीतरी खारट पाण्यापर्यंत त्याची मजल आहे. खाडीत राहणाऱ्याला ते जमावंच लागतं. जीव घेतो तो बदलाचा वेग. म्हणून बांध कधी फोडायचा, कुठल्या पातळीला, दिवसाच्या कुठल्या वेळी, याला इतकं महत्त्व. खालच्या पातळीला फोडला तर घरं वाचतात, पण पाण्याला जोर नसतो आणि साचलेली वाळू धुऊन जात नाही. उशिरा फोडला तर खाडी चांगली खरवडून निघते, पण बायकांच्या-मुलांच्या खोल्यांत पाणी शिरतं. मला वाटतं, सखल जागी घरं बांधायला परवानगी दिली तेव्हाच खाडीच्या वाट्याची जागा आपण घेऊन टाकली. आता रोज त्या निर्णयाचे हप्ते फेडणं चालू आहे.

(सेजफील्डला शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. सकाळी लवकर जा. ताजा पाव, शेळीच्या दुधाचं चीज, गावरान मध. दहा वाजेपर्यंत चांगला माल संपत आलेला असतो.)

दुसरा दिवस : नाइज्ना, सुकतीची वेळ

सेजफील्डहून नाइज्ना पंचवीस किलोमीटर. टेकडी ओलांडली की खाडी एकदम पसरलेली दिसते आणि लांब दक्षिणेला तिचं तोंड, दोन उंच कड्यांच्या मधलं. त्या कड्यांना 'हेड्स' म्हणतात. पूर्वेच्या कड्यावर गाडी जाते. वरून बघितलं तर दोन कड्यांच्या बेचक्यातून भरतीचं पाणी आत घुसताना त्याच्या रेषा दिसतात. लाकूड न्यायला येणाऱ्या शिडाच्या जहाजांनी या तोंडाची धास्ती घेतली होती. 1903 साली बुडालेलं 'पाकिटा' नावाचं जर्मन जहाज अजून पूर्वेच्या कड्याखाली आहे.

खडकातलं तोंड असल्यामुळे नाइज्नाची खाडी कधीच बुजत नाही. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, दोनदा बाहेर जातो. पाणी स्वच्छ राहतं, तापमान फार चढत नाही, गवत मोठ्या पट्ट्यांनी वाढतं. तीन खाड्यांत समुद्रघोड्यांचा मोठा आधार हीच. दक्षिण आफ्रिकेतल्या सगळ्या खाड्यांचं संवर्धनाच्या दृष्टीने महत्त्व ठरवलं गेलं, तेव्हा नाइज्नाचा क्रमांक पहिला लागला.

अमावास्येचं उधाण होतं. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत सुकती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते, हे लक्षात ठेवून बेत आखा. खाडी बघायला याच्यासारखी वेळ नाही. लेझर आइल या वस्तीशेजारच्या चिखलाटीवर आम्ही उतरलो. झोस्टेरा नावाचं सागरी गवत आडवं पडलेलं होतं, अरुंद हिरव्या फितींसारखी त्याची पाती, त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर. या गवताची ही आफ्रिकी जातही धोक्यात आहे. ते तुडवलं की मुळं चिखलात दाबली जातात आणि तो डाग भरून यायला फार वेळ लागतो, म्हणून आम्ही गवताच्या कडेकडेने, वाळूवरून चाललो. तुम्हीही तसंच करा.

ताई वाकून एका पात्याकडे बघत होती. "इकडे ये. पात्याच्या मधोमध बघ, काय दिसतंय?" मला आधी काहीच दिसेना. मग एक चपटा, पात्याच्या रुंदीत मावेल एवढाच शिंपला दिसला. सायफोनेरिया कॉम्प्रेसा. हा लिंपेट, म्हणजे गोगलगायीच्या वर्गातला छोटा जीव, गवताच्या पात्यावरच जगतो आणि जगात फक्त दोन ठिकाणी सापडतो, नाइज्नाला आणि केपटाऊनच्या उत्तरेच्या लांगेबानला. आम्ही आलो होतो एका माशाच्या शोधात, आणि त्या माशाच्या घरात त्याच्याहून दुर्मीळ भाडेकरू निघाला.

थोडं पुढे एक माणूस हातपंपाने चिखल उपसत होता. स्टीलचा नळा बिळावर ठेवायचा, दांडा ओढायचा, मग चिखल बाहेर टाकायचा. चिखलात गुलाबट-करड्या चिखल-कोळंब्या वळवळत असतात, त्या वेचून डब्यात. गळाला लावायला. आमच्याशी तो मोकळेपणाने बोलला. वडीलही हेच करायचे म्हणाला. परवाना खिशात होता, तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. माणशी दिवसाला किती कोळंब्या, हे कायद्याने ठरलेलं आहे. त्याची तक्रार फावड्याने खणणाऱ्यांबद्दल होती. "पंपाने भोक पडतं, ते पुढच्या भरतीला बुजतं. फावड्याने गवत मुळासकट उलटतं. रात्री येतात, बॅटरी घेऊन."

मी विचारलं, हल्ली गळाला काय लागतं? पांढरा स्टीनब्रास म्हणाला, पण लहान. हा मासाही संकटग्रस्त यादीतला आहे. समुद्रात जन्मलेली त्याची पिल्लं खाडीत शिरतात आणि आयुष्याची सुरुवातीची वर्षं इथेच काढतात. खाडी नसेल तर पुढची पिढीच नाही. 60 सेंटीमीटरच्या आतला असेल तर सोडून द्यायचा आणि माणशी दिवसाला एकच ठेवायचा, असा नियम. "मी सोडतो," तो म्हणाला. "माझ्या मुलाला एक तरी मोठा लागला पाहिजे."

दुपारी बंदरावर हेक मासा आणि बटाट्याचे काप खाल्ले. ताई शाकाहारी. तिला निखाऱ्यांवरच्या जाळीवर भाजलेला रोस्टरकूक पाव, चीज आणि जर्दाळूचा जॅम मिळाला आणि पुढचे सगळे दिवस तिने तेच मागितलं.

तिसरा दिवस : थेसन बेटाचे कालवे

या दिवसासाठी आम्ही आलो होतो. या समुद्रघोड्यांवर अभ्यास करणाऱ्या एका तरुण संशोधिकेशी ताईचा महिनोन्महिने पत्रव्यवहार चालू होता. त्या दिवशी तिचा गट समुद्रघोड्यांची गणती करणार होता आणि काठावरून बघायला आम्हाला मुभा मिळाली होती. इथे समुद्रघोडा पकडणं, हाताळणं, घरी नेणं परवान्याशिवाय बेकायदा आहे. 2004 पासून जगातल्या सगळ्या समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचं नियंत्रणही आलं आहे.

थेसन बेटाचा इतिहास वेगळाच. 1869 साली नॉर्वेहून न्यूझीलंडकडे निघालेलं थेसन कुटुंब वाटेत इथेच थांबलं आणि लाकडाच्या धंद्यात पडलं. बेटावर त्यांची मोठी गिरणी होती. ती बंद झाल्यावर अलीकडे बेट खणून कालवे काढले, 19 छोटी बेटं केली, त्यांच्यावर घरं आणि प्रत्येक घराला होडीचा धक्का. कालव्यांच्या कडा ढासळू नयेत म्हणून तारेच्या जाळीत दगड भरून केलेल्या गाद्या उतारावर अंथरल्या. आपल्याकडे ओढ्यावर गॅबियन बंधारे बांधतात ना, त्याच जातीचं काम, फक्त आडवं आणि चपटं.

कोणाच्या मनातही नसताना समुद्रघोडे या जाळ्यांवर राहायला आले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की खाडीतल्या गवतापेक्षा या दगडी गाद्यांवर त्यांची दाटी जास्त आहे. पुढे दोन्ही आसरे शेजारी ठेवून निवड करू दिली, तेव्हाही ते जाळीकडेच गेले.

गणती भरतीच्या शेवटी, कारण तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. दोघं पाणबुडे कडेने उतरले. ठरावीक लांबीची दोरी टाकायची, तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा हळूहळू तपासायचा, दिसलेला प्रत्येक समुद्रघोडा नर की मादी, किती लांब, कशाला धरून बसलाय, हे पाण्याखालच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. संशोधिकेने आम्हाला तळाला काच बसवलेली बादली दिली. धक्क्यावर पोटावर पडून ती पाण्यात दाबली की पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि खालचं सगळं स्पष्ट दिसतं.

बराच वेळ जाळी, दगड, दगडांवर वाढलेली कोडियम या शेवाळाची मखमली हिरवी बोटं आणि फटींतून फिरणारी चिंगळं एवढंच दिसत होतं. ताई शेजारून म्हणाली, "तारेच्या कोपऱ्यावर बघ. जरा डावीकडे. तो वेढा दिसतोय?" आधी शेपटी दिसली. तारेभोवती दीड वेढा. मग त्याच्यावरचं पोट, आणि मग एकदम अख्खा मासा.

माझ्या मधल्या बोटाएवढा असेल. या जातीची लांबी जास्तीत जास्त 12 सेंटीमीटर. रंग मातकट तपकिरी, त्यावर काळसर ठिपके. इतर समुद्रघोड्यांच्या चित्रात डोक्यावर मुकुटासारखा उंचवटा दाखवतात, तो याला नाही. डोकं गुळगुळीत, मान गोल वळलेली, नळीसारखं तोंड आखूड. शेपटी जवळून बघितली तर गोल नाही, चौकोनी, हाडांच्या कड्यांची. एक डोळा आमच्या बादलीकडे वळला आणि दुसरा त्याच वेळी जाळीच्या आत काहीतरी शोधत राहिला. दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतात. मग मान किंचित खाली गेली आणि 'टक्' असं काहीतरी झालं. डोळ्याला नीट दिसलंही नाही, पण एक बारीक चिंगळं तिथे होतं ते नव्हतं. दात नाहीत, पोटात जठर नाही. नळीतून शोषून घ्यायचं आणि दिवसभर खात राहायचं, म्हणून त्याला अशी जागा लागते जिथे अन्न दारात चालून येतं. जाळीतल्या फटी चिंगळांनी भरलेल्या असतात, बोट शिरत नाही, मोठा मासा शिरत नाही, धरायला तार आहे. ताई म्हणाली, "बसल्या जागी सगळं मिळतंय याला."

त्याचं पोट फुगलेलं होतं. नर. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि पुढचं सगळं तो बघतो. पिशवीच्या आतल्या अस्तरातून पिलांना प्राणवायू आणि क्षार मिळतात, दोन ते चार आठवड्यांनी तयार पिल्लं बाहेर पडतात. एका वेळी काही डझन. मोकळ्या पाण्यात लाखो अंडी सोडणाऱ्या माशांच्या तुलनेत हे फार थोडं. एक हंगाम वाया गेला तर भरून काढायला त्याच्याकडे आकडे नाहीत.

गणती संपल्यावर संशोधिका धक्क्यावर पाय सोडून बसली, ओठ थंडीने निळे. मी विचारलं, मग अशा जाळ्या खाडीभर टाकल्या तर? हा प्रश्न तिला बिल्डर, नगरसेवक, पत्रकार सगळे विचारतात म्हणे. तिने शांतपणे उत्तर दिलं. गवत चिखल धरून ठेवतं, कार्बन धरून ठेवतं, शेकडो जीवांना घर देतं. जाळी यातलं फार थोडं करते. तारही कायमची नाही, खाऱ्या पाण्यात गंजते. पण ज्याला काठ बांधायचाच आहे, त्याने सपाट काँक्रीटची भिंत उभारण्याऐवजी असं काहीतरी वापरावं. "काँक्रीटला तो धरणार काय?"

मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. कालवे खणून घरं बांधणाऱ्यांनी समुद्रघोडे वाचवले, असं सांगणारी माणसं आम्हाला त्याच संध्याकाळी भेटली, आणि तसं म्हणणं धोक्याचं आहे. जाळी हे संकटकाळचं छप्पर. बाहेरचं गवत गेलं, तर या कालव्यांतली माशांची संख्या कितीही चांगली दिसली तरी ती एका वस्तीच्या आवारात कोंडलेली असेल. एखाद्या होडीचं तेल सांडलं की संपलं.

(कालव्यांचा भाग खासगी आहे, स्वतःहून उतरू नका. समुद्रघोडा हमखास बघायचा असेल तर केपटाऊनच्या टू ओशन्स मत्स्यालयात तो ठेवलेला आहे. थेसन बेटावरच राष्ट्रीय उद्यानाचं कार्यालय आहे. नियम आणि परवाने तिथे विचारा.)

चौथा दिवस : पाऊस

रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी खाडीचा वरचा भाग तांबूस झाला. ॲशमीड चॅनल हा शहराच्या बाजूचा फाटा. तिथे पाणी हेड्सपासून लांब असल्याने हळू बदलतं. शहराचं सांडपाणी प्रक्रिया होऊन एका ओढ्यातून इथेच येतं, आणि प्रक्रिया नीट झाली नाही की नायट्रोजन-फॉस्फरस सगळा खाडीत. गेल्या दशकात उल्व्हा या हिरव्या शेवाळाची जाड चादर इथे पसरली. आम्ही गेलो तेव्हाही काठाला तिचे ढीग पडलेले होते आणि सडक्या अंड्यासारखा वास येत होता. शेवाळ गवतावर पसरलं की गवताला ऊन मिळत नाही. ते सडलं की पाण्यातला प्राणवायू जातो. समुद्रघोडा दगडांवर जाऊ शकतो, गवत कुठे जाणार?

काठावर चालताना एक निवृत्त शिक्षक भेटले. 7 जून 2017 च्या वणव्यात त्यांचं घर गेलं होतं. त्या आगीत डोंगरउतार उघडे पडले, मग पावसात राख आणि माती खाडीत उतरली, हे त्यांनी हाताने दिशा दाखवत सांगितलं. ते आता शेजाऱ्यांबरोबर ओढ्याच्या पाण्याचे नमुने भरून देतात. "डोंगरावर काय जळतं आणि नाल्यात काय सोडतात, ते इथे बसून मोजता येतं," म्हणाले.

दुपारनंतर उघडलं म्हणून जंगलात गेलो. यलोवुडची उंचच उंच झाडं, हिरव्या-लाल पंखांचा नाइज्ना तुराको. या जंगलात हत्ती होते. 2019 मध्ये जाहीर झालेल्या, कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत एकच प्रौढ मादी उरल्याचं दिसलं. जंगलातून परत येईपर्यंत ताई फारशी बोलली नाही.

पाचवा दिवस : क्यूरबूम्स

नाइज्नाहून प्लेटनबर्ग बे तीसेक किलोमीटर. क्यूरबूम्सची खाडी गावाच्या पूर्वेला, वाळूच्या लांब दांड्यामागे. हिचं तोंड बहुधा उघडं असतं, पण एका जागी थांबत नाही. मोठा पूर आला की नदी दांडा भलतीकडेच फोडते आणि पुळण वाहून नेते. नदीच्या वरच्या अंगाला राखीव क्षेत्र आहे, तिथून होडी घळीत जाते. पाणी काळसर, दोन्ही बाजूंना झाडी पाण्यापर्यंत उतरलेली, ओंडक्यावर पाणकावळे. होडीवाल्याने इंजिन बंद करून मत्स्यगरुडाची हाक ऐकवली. होडीतच डब्यातून मिल्क टार्ट खाल्ला, दालचिनी भुरभुरवलेला.

समुद्रघोडे इथे मोजकेच. वाळू सरकती, गवताचे तुकडे विरळ, पुराचा जोर जास्त. होडीवाला म्हणाला, लहानपणी जाळ्यात एखादा यायचा, आता बरीच वर्षं दिसला नाही. पण 'तिथे थोडेच आहेत, नाइज्नाचे आणून सोडू' असं करता येत नाही. 2003 मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासात तिन्ही खाड्यांतले समुद्रघोडे एकमेकांपासून वेगळे दिसले, वैविध्य नाइज्ना आणि क्यूरबूम्समध्ये जास्त, स्वार्टफ्लेईत कमी. एका खाडीतून दुसरीत जायला मध्ये उसळता समुद्र, आणि याला तर धड पोहता येत नाही. त्यामुळे बुजणारं तोंड, खडकातलं तोंड आणि सरकणारं तोंड यांच्या मागे तीन वेगवेगळी घराणी वाढली आहेत. एक संपलं तर दुसऱ्याने त्याची जागा भरून निघणार नाही.

जाणाऱ्यांनी याच क्रमाने, पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं असं मी सुचवेन. आधी बंद तोंड बघितलं की उघड्या तोंडाचं मोल कळतं. जाण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ठेवा. खाडीत होडी भाड्याने घ्याल तर गवताच्या पट्ट्यावर नांगर टाकू नका आणि उथळ पाण्यात इंजिन वर उचला. पंख्याने कापलेल्या गवताच्या रेषा ओहोटीला आम्ही डोळ्यांनी बघितल्या आहेत.

परतीच्या वाटेवर ताई पुढच्या प्रवासाचंच बोलत होती. इथून पूर्वेला, ईस्टर्न केपमध्ये, बुशमन्स आणि कारीगा या नद्यांच्या खाड्यांत समुद्रघोड्याचा एक चुलतभाऊ राहतो, खाडीतला नळीमासा, सिंग्नॅथस वॉटरमेयरी. काडीसारखा सरळ. त्याचीही पिल्लं नरच वाढवतो. एकदा तो नामशेष झाला असं धरलं गेलं होतं, 1996 मध्ये पुन्हा सापडला, आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याचा त्रास वाळूच्या बांधाचा नाही, वरच्या धरणांचा आहे. नदीचं गोडं पाणी खाडीपर्यंत पोचलं नाही की त्याबरोबर येणारी पोषकद्रव्यं येत नाहीत, पाण्यातले बारीक जीव कमी होतात आणि हा मासा उपाशी राहतो. त्या खाड्यांपासून जवळच माखांडा इथे जलीय जैवविविधतेची राष्ट्रीय संस्था आहे. ताईने तिथे पत्र पाठवलं आहे.